पायाखालचं कार्पेट ओलं होतंय, पण पाणी येतंय कुठून?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बडोद्यात मांजलपूरला राहतोस, २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सोसायटीत गुलमोहराखाली उघड्यावर उभी असते. पावसाळा लागला की पुढच्या डाव्या सीटच्या पायाखाली ओल येते, सकाळी काचा आतून धुरकट झालेल्या असतात आणि दार उघडलं की ओल्या गोणपाटासारखा भपकारा येतो. एकाने पुढच्या काचेला कडेने सिलिकॉन मारून दिलं, दुसऱ्याने त्यावर परत सिलिकॉन मारलं आणि सीटा शाम्पू करून दिल्या, आठ दिवसांत परत तेच. आता तिसरा म्हणतोय काच काढून नवीन बसवू. मला काका म्हणालास म्हणून अरे-तुरेवर आलोय, राग मानू नकोस.

काच काढू नकोस. निदान अजून तरी नको.

मी बडोद्यात २६ वर्षं हीच कामं करतोय, आधी मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) बाजूला एका बॉडी शॉपमध्ये नोकरी केली, मग स्वतःचं छोटंसं सुरू केलं, आणि पावसाळ्याचे तीन महिने माझ्याकडे निम्म्या गाड्या ओल्या कार्पेटच्याच येतात. येणारा प्रत्येक माणूस कुठे ओलं होतं ते हात लावून दाखवतो, पण कधी ओलं होतं ते विचारलं की गडबडतो. पावसात होतं, असं म्हणतो. अरे पण पाऊस पडत असताना, की पावसात गाडी चालवल्यावर, की धुतल्यावर, की एसी लावून लांब जाऊन आल्यावर? या चारीची उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि यातलं एक उत्तर बाहेरच्या पाण्याचं नाहीच आहे.

ते कसं ते सांगतो. आपल्याकडे गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून एसीची कूलिंग कॉइल बहुतेक गाड्यांत डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते. थंड कॉइलवर हवेतली वाफ धरते, पाणी होतं, खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि एका बोटाएवढ्या रबरी नळीतून फायरवॉलच्या (इंजिन आणि आपल्यामधला पत्रा) बाहेर, गाडीखाली टपकतं. आता मे महिन्यात बडोद्यात ४२ डिग्री असतं पण हवा कोरडी, त्यामुळे एसी कितीही चालव, पाणी थोडंच निघतं. जुलैमध्ये, ज्याला इथे सगळे बफारो म्हणतात ना, त्या दमट, घुसमटवणाऱ्या हवेत तोच एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. नळीत धूळ, चिखल, कधी कुंभारमाशीचं घर, असं काहीतरी अडकलेलं असतं, मे महिन्यात तेवढं पाणी कसंतरी झिरपून जातं म्हणून कळत नाही, आणि जुलैमध्ये ट्रे भरून वाहायला लागतो तो सरळ डाव्या पायाखाली. माणसाला वाटतं पावसाळा आला, गाडी गळायला लागली, आणि मग तो काचवाल्याकडे जातो, आणि काचवाला काय करणार, सिलिकॉन मारणार.

तुझ्या गाडीवर माझा पहिला संशय याच नळीवर आहे. दुसरा त्या गुलमोहरावर, त्याच्यावर येतो.

आधी पाणी ओळख. पांढरा टिश्यू किंवा जुन्या बनियनचा तुकडा घे, ओल्या जागी दाबून धर, बघ आणि वास घे. एकदम स्वच्छ, बिनवासाचं, गार पाणी असेल तर एसी. मातकट, पिवळसर असेल, टिश्यूवर धुळीची रेघ उमटत असेल तर बाहेरचं, म्हणजे पाऊस किंवा धुण्याचं. आणि बोटाला चिकट लागलं, गोडसर वास आला, हिरवट किंवा गुलाबी दिसलं, वर काचेवर आतून तेलकट थर बसत असेल तर तो कूलंट आहे, हीटरची कॉइल गळतेय, मग हे सगळं वाचणं सोडून दे, बोनेटमधली कूलंटची पातळी बघ आणि गाडी मेकॅनिककडे ने, कारण तिथे प्रश्न कार्पेटचा नाही, इंजिन तापण्याचा आहे. (कूलंट जिभेला लावून बघणारे महाभाग मी पाहिलेत. विषारी असतो तो, कुत्र्यामांजरांपासूनही लांब ठेव.)

मग जागा ओळख, पण वरून नाही. रबरी मॅट काढ, हात डॅशबोर्डखाली जेवढा आत जाईल तेवढा घाल. गिअरच्या बाजूला, मधल्या कन्सोलला चिकटून वर ओलं असेल तर एसीची शक्यता जास्त. दाराच्या बाजूला, उंबऱ्यापाशी (सिल म्हणतात ती पट्टी) जास्त ओलं असेल तर दार. आणि डाव्या कोपऱ्यात, जिथे पाय टेकतो त्या साइडच्या प्लास्टिकच्या मागून वरून ओघळ येत असेल तर बोनेटखालचा कावल, म्हणजे पुढच्या काचेखालची पन्हाळ. हे ढोबळ आहे, कारण पाणी उताराने जातं आणि तुझी गाडी रॅम्पवर तोंड वर करून उभी असेल तर पुढचं पाणी मागच्या सीटखाली जाऊन बसतं. एका बाईंची गाडी होती, मागचं कार्पेट भिजायचं म्हणून मागची दोन्ही दारं उघडून झाली होती, गळत होतं पुढे.

आता एसीची टेस्ट. फुकट आहे. पाऊस नसेल अशा दिवशी, दुपारी, गाडी कोरड्या फरशीवर किंवा सिमेंटवर उभी कर, मोकळ्या जागी, एसी फुल, रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवायचं बटण) बंद, म्हणजे बाहेरची दमट हवा आत येईल, २० मिनिटं. मग वाकून बघ. पुढच्या डाव्या चाकाच्या मागे, जरा आतल्या अंगाला, थेंब थेंब पाणी पडून छोटं डबकं व्हायला हवं. बफाऱ्याच्या दिवशी जमीन कोरडी राहिली तर चोर सापडला. कधीकधी वळण घेताना डॅशबोर्डमधून डुबुक डुबुक आवाज येतो, तो पण ट्रे भरल्याचाच.

नळी साफ करायला गाडी जॅकवर किंवा रॅम्पवर घ्यावी लागते, फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नकोस, स्टँड लाव नाहीतर गॅरेजला जा. खालून नळीचं तोंड सापडलं की आधी बोटाने चिमटून बघ, बऱ्याचदा तोंडाशीच चिखलाचं बूच असतं आणि काढल्याबरोबर दोन लिटर पाणी अंगावर येतं, म्हणून आपलं तोंड बाजूला ठेव. नाही निघालं तर मऊ नायलॉनची दोरी, गवत कापायच्या मशीनमध्ये असते तशी, हळू आत फिरव. तार घालू नकोस, स्क्रू ड्रायव्हर म्हणजे आपलं डिसमिस तर अजिबात नको, आत कॉइल ॲल्युमिनियमची असते, तिला भोक पडलं की गॅस गेला आणि खर्च दहापट. कॉम्प्रेसरची हवा पण फुल प्रेशरने मारू नको, नळी आतून निसटली तर सगळं पाणी कायमचं आत पडेल आणि मग डॅशबोर्ड उतरवावा लागेल.

एसी निर्दोष निघाला तर गुलमोहर. झाड सुंदर, मान्य, पण गाडीचा शत्रू आहे. कडुनिंबाची पानं, आसोपालवाची लांब पानं वायपरखालच्या जाळीवरच अडकतात, हाताने उचलता येतात. गुलमोहराची पानं तिळाएवढी, ती जाळीतून आत जातात. त्या जाळीखाली एक पत्र्याची पन्हाळ असते, तिलाच कावल म्हणतात, पुढच्या काचेवरचं सगळं पाणी तिथे उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकाच्या मागे निघून जातं. ती भोकं गुलमोहराच्या लगद्याने बुजली की पन्हाळीत तळं साठतं, आणि त्याच पन्हाळीत ब्लोअरला बाहेरची हवा घ्यायचं तोंड असतं, पाण्याची पातळी तिथवर आली की पाणी ब्लोअरमधून थेट तुझ्या डाव्या पायावर. लोक म्हणतात ना, साधा पाऊस असला तर काही होत नाही, धो धो पडला की भरतं, त्याचं कारण बहुतेक हेच.

बघायचं सोपं आहे. ग्लोव्ह बॉक्स काढून एसीचा फिल्टर बाहेर ओढ. ओला असेल, पानांचा चुरा असेल, काळे डाग असतील तर पाणी तिथूनच आलंय. मग वायपर आणि वरची प्लास्टिकची जाळी काढून पन्हाळ हाताने साफ करायची, पाइपने नाही, पाइप मारलास तर तोच कचरा भोकात आणखी घट्ट बसेल. साफ झाल्यावर एक मग पाणी ओत आणि ते चाकामागून खाली पडतंय का बघ, डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही. फिल्टर भिजलेला असेल तर वाळवून परत लावू नकोस, फेकून दे, अर्धा वास त्याचाच असतो.

तिसरा संशय दारावर, आणि इथे मला माझीच एक चूक सांगावी लागेल. बरीच वर्षं झाली, एका गृहस्थांची सेडान आली, अशीच पुढची डावी बाजू ओली. काचेच्या कोपऱ्यात जरा रबर उचललेलं दिसलं आणि मी छाती ठोकून सांगितलं, काच. काच काढली, जुनं चिकटवण खरवडलं, परत बसवली, पैसे घेतले. पहिल्याच पावसात ते परत. मी म्हटलं सेट व्हायला वेळ लागला असेल, अजून एक हात मारला. परत. तिसऱ्यांदा माझ्याकडचा पोरगा टॉर्च घेऊन आत बसला, मी बाहेरून पाइप धरला, आणि दोन मिनिटांत तो आतून ओरडला, शेठ, पाणी तर दाराच्या खालून पट्टीवरून येतंय. दाराचं पॅड उघडलं तर आतला प्लास्टिकचा कागद ब्लेडने उभा फाडलेला. चार महिन्यांपूर्वी त्यांनी नवीन स्पीकर बसवून घेतले होते. मी त्यांना पैसे परत दिले, काच काढायचे पण आणि लाज वाटली त्याचे पण.

कुठल्याही गाडीच्या दारात पाणी जातंच. काचेच्या बाहेरच्या रबरातून ते आत उतरतं, दाराच्या पोकळीतून खाली येतं आणि दाराच्या तळाच्या दोन-तीन भोकांतून बाहेर पडतं, डिझाइनच तशी असते. आत येऊ नये म्हणून पॅडच्या मागे प्लास्टिकचा किंवा फोमचा कागद काळ्या चिकट ब्युटिलने चिकटवलेला असतो. स्पीकरवाला, पॉवर विंडोवाला, लॉकवाला, डेंटर, ज्याने कोणी पॅड उघडलं त्याने तो कागद नीट परत चिकटवला नाही की पाणी पोकळीतून आतल्या बाजूला ओघळतं. म्हणून कोणी ओली गाडी घेऊन आलं की मी पहिलं हेच विचारतो, गेल्या वर्षभरात गाडीत काय काय काम केलं? ॲक्सेसरी? डेंटिंग? काच? तू पण आठव. नवीन हॉर्न किंवा फॉग लॅम्प बसवले असतील तर वायर आत न्यायला फायरवॉलचं रबरी बूच टोचलेलं असतं, तिथूनही येतं.

दाराच्या तळाची भोकं टूथपिकने मोकळी कर. दार उघडझाप करताना आत छप छप वाजत असेल तर ती बुजलेलीच आहेत.

आता पाइपची टेस्ट, कारण ही सगळे चुकीची करतात. वॉशिंगवाल्याचा प्रेशर जेट वापरायचा नाही, त्या प्रेशरने चांगल्या गाडीतही पाणी शिरतं आणि तू भलत्याच जागेला दोष देशील. घरचा बागेचा पाइप, साधी धार. कार्पेट आधी शक्य तेवढं कोरडं करून उचलून ठेव, उघड्या पत्र्यावर आणि रबराच्या कडेने टाल्कम पावडर शिंपड, पाणी आलं की पावडरमध्ये ओघळाची रेघ स्पष्ट उमटते. घरात रांगोळी असेल तर ती पण चालते. एक माणूस आत टॉर्च घेऊन, सगळी दारं बंद. आणि धार खालून वर न्यायची: आधी उंबऱ्याच्या उंचीला ५ ते १० मिनिटं, मग दाराच्या मधोमध, मग काचेची खालची कड, मग कोपरे, शेवटी छत. वरून सुरू केलंस तर पाणी सगळ्याच जागांवरून खाली ओघळतं आणि काहीच कळत नाही. घाई करायची नाही, काही गळत्या आठव्या मिनिटाला सुरू होतात. मी आत बसणाऱ्या पोराला मोबाईल बाहेर ठेवायला लावतो, नाहीतर तो रील बघत बसतो आणि म्हणतो काय नाय आलं.

काचेचाच संशय उरला तर काच न काढता पण बघता येतं. बाहेरून कडेला साबणाचं पाणी लाव आणि आतून कडेवर हळू हवा मार, जिथे फट आहे तिथे बुडबुडे येतील. बुडबुडे आले तर काच काढून नीट बसवणं हाच उपाय, वरून सिलिकॉन नाही. पुढची काच पीयू (पॉलियुरेथेन) चिकटवणाने बसवतात, ती नुसती पाणी अडवायला नसते, गाडीच्या सांगाड्याचा भाग असते आणि बऱ्याच गाड्यांत बाजूच्या सीटची एअरबॅग फुगताना तिच्यावर रेलते. आणि जे सिलिकॉन मारताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना, ते पत्र्याला गंज लावतं, बाथरूमच्या फरशीला ठीक आहे. तुझ्या गाडीला दोनदा काय मारलंय ते वास आठवून बघ. तसलं असेल तर पुढे कधीतरी खरवडून काढावं लागेल.

मागचं थोडक्यात, कारण तुझं तिकडे नाहीये. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर टेल लॅम्पची गॅस्केट, छतावरच्या अँटेनाचं बूड, डिकीचं रबर, आणि मागून ठोकलेली गाडी असेल तर पत्र्याच्या जोडावर सीलर न लावलेलं, या क्रमाने बघ. डिकीच्या रबरासाठी कागदाची पट्टी ठेवून डिकी बंद कर आणि ओढ, सहज निघाली तर तिथे रबर दाबत नाहीये. सनरूफ असलेल्या गाड्यांचं वेगळं, सनरूफमधून पाणी थोडं येणारच, ते चार कोपऱ्यांतल्या नळ्यांनी खांबांतून खाली जातं, नळी तुंबली की छताचं कापड भिजतं. पाणी रस्त्यावर साचलेलं असताना गाडी घातली आणि मगच ओलं झालं, तर खालच्या पत्र्यातलं एखादं रबरी बूच पडलेलं असतं.

आता वाळवणं. गळती सापडायच्या आधी हे करू नकोस असं मी म्हणणार नाही, कारण बुरशी थांबत नाही, ओलं राहिलं की एक-दोन दिवसांत सुरुवात होते. पण गळती बंद न करता शाम्पू करणं म्हणजे पैसे पाण्यात, आणि पाणी गाडीत.

सगळ्यांना फसवणारी गोष्ट अशी की कार्पेट वरून दोन दिवसांत कोरडं लागतं. त्याच्या खाली बोटभर जाड नमदा किंवा फोम असतो, आवाज आणि उष्णता अडवायला, तो स्पंजसारखा तीन-चार लिटर पाणी धरून बसतो आणि वर रबरी मॅट म्हणजे झाकण. त्यामुळे वाळलं असं समजायचं तर कार्पेट उचलून खालचा नमदा मुठीत दाबून बघायचा. वरून हात फिरवून नाही.

उचलायला पुढची सीट काढली तर बरं, चार बोल्ट असतात, बहुतेक १४ ची गोटी (सॉकेट पाना) लागते. पण सीटखाली वायरी असतात आणि पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्ट ओढणाऱ्या यंत्रणेचा असतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ, १० मिनिटं थांब, मग कनेक्टर सोड, आणि सीट बाहेर असेपर्यंत चावी ऑन करू नकोस नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसेल. याची भीती वाटत असेल तर सीट राहू दे, नुसती उंबऱ्याची पट्टी आणि कोपऱ्याचं प्लास्टिक काढून कार्पेट पुढून उचल आणि खाली दोन विटा किंवा पीव्हीसी पाइपचे तुकडे सारून ठेव म्हणजे खालून हवा खेळेल. आधी ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम मिळाला तर तो फिरव, पंख्याच्या दोन दिवसांचं काम तो अर्ध्या तासात करतो. नसेल तर जुने टॉवेल घालून वर उभं राहायचं, पिळायचं, परत घालायचं. आमच्या घरी या कामाला बायको जुने टॉवेल द्यायची नाही, मग मी कुशनवाल्याकडून चिंध्या आणायचो.

आता ऊन. लोक काय करतात, काचा बंद करून गाडी दिवसभर उन्हात उभी करतात आणि म्हणतात भट्टी झाली, वाळली असेल. हिशोब बघ. ४० डिग्रीच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. हॅचबॅकच्या आत साधारण तीन घनमीटर हवा, म्हणजे १५० ग्रॅम. तुझ्या नमद्यात तीन लिटर आहे. बंद गाडीत हवा एकदा भरली की पुढे वाळणं थांबतं, आणि रात्री गार झालं की तीच वाफ काचेवर आणि छताच्या कापडावर पाणी होऊन बसते, तुझ्या धुरकट काचा त्याच. म्हणून उन्हात ठेवायची पण दर तासाला चारी दारं १० मिनिटं सताड उघडायची, तापलेली ओली हवा बाहेर, मग परत बंद.

पण हे ऊन असेल तर, आणि जुलैत ऊन कुठे असतं. पाऊस पडत असताना काचा उघड्या ठेवून काही उपयोग नाही, बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते, ती आतलं पाणी घेणार कुठे? अशा वेळी उलटं करायचं. काचा बंद, एसी चालू, रीसर्क्युलेशन चालू, आणि तापमानाची खुंटी गरमवर. विचित्र वाटतं पण बरोबर आहे, गरम हवा नमद्यातून पाणी उचलते आणि कूलिंग कॉइल ते पकडून गाडीखाली टाकते. अर्थात ती नळी मोकळी असेल तरच, नाहीतर इथून काढायचं आणि तिथेच ओतायचं. पाऊण तास, मोकळ्या जागेत, बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटला इंजिन चालू ठेवून हे कधीही करायचं नाही, धुराने माणूस मरतो. शेवटची पाच मिनिटं एसी बंद, ब्लोअर चालू, काचा उघड्या, म्हणजे कॉइल पण वाळते. कोणाकडे घरचा डिह्युमिडिफायर (हवेतली वाफ ओढून घेणारं मशीन) असेल तर वायर काचेतून आत घेऊन रात्रभर लावून ठेव, त्याच्यासारखं दुसरं काही नाही, सकाळी टाकीतलं पाणी बघून तुला धक्का बसेल.

सिलिका जेलच्या पुड्या, मीठ, कोळसा, तांदूळ हे सगळे विचारतात. वाळलेली गाडी कोरडी ठेवायला पुड्या ठीक आहेत. तीन लिटर पाण्यापुढे त्यांची ताकद नाही, आणि तांदळाने गाडीत उंदीर येतात. हीटगन आणि हेअर ड्रायर एका जागी धरला तर फोम वितळतो. वास मारायला परफ्युम लावू नकोस, ओली गोणी आणि मोगरा असा वास मी सहन केलाय, नुसती गोणी बरी.

बुरशी दिसली, म्हणजे पांढरे-हिरवे ठिपके, तर मास्क लाव, दारं उघडी ठेव, पांढऱ्या व्हिनेगरने पूस, तासभर राहू दे, मग साध्या ओल्या फडक्याने, आणि परत वाळव. नमदा काळा पडून तुकडे होत असतील तर काढून टाक, कुशनवाला मापाने नवीन कापून देतो, तो धुवून जगवण्यात अर्थ नाही.

नमदा उचललेला असेल तोवर खालचा पत्रा आणि वायरी बघून घे, ही संधी परत मिळत नाही. वायरिंगचे जोड आणि अर्थिंगचे स्क्रू कार्पेटखालीच असतात, काही गाड्यांत कंट्रोल युनिटसुद्धा. कनेक्टरवर हिरवी बुरशीसारखी पावडर दिसली तर ती तांब्याचा गंज आहे, बॅटरी काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मार, बारीक ब्रश फिरव. पॉवर विंडो मध्येच चालत नाही, सेंट्रल लॉक रात्री आपोआप उघडतं, असे भुताटकीचे प्रकार याच्यातूनच येतात. पत्र्यावर गंज असेल तर घासून, रस्ट कन्व्हर्टर लावून, रंग मारून मगच कार्पेट खाली घाल.

एक वेगळी गोष्ट, कारण कोणीतरी विचारणारच. हे सगळं पावसाच्या किंवा एसीच्या स्वच्छ पाण्याबद्दल आहे. ३१ जुलै २०१९ ला जसं एका दिवसात महिन्याचा पाऊस पडला, किंवा २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी समा, अकोटा, वडसरकडे घराघरात शिरली आणि मगरी रस्त्यावर आल्या, तसं पुराचं पाणी गाडीत गेलं असेल तर ती वाळवायची केसच नाही. त्या पाण्यात गटार असतं. गाडी स्टार्ट करायची नाही, एकदाही नाही, इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, बॅटरीची निगेटिव्ह काढायची, फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि टो करून न्यायची. आणि बडोद्यात जुनी गाडी घेणारा कोणी वाचत असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा, मातीची रेघ तिथे राहते, कारण धुणारा तिथवर धूत नाही.

तर तुझं. आज किंवा उद्या, उघडीप असेल तेव्हा ती २० मिनिटांची एसीची टेस्ट कर. खाली पाणी पडलं नाही तर नळी साफ करून घे, काम अर्ध्या तासाचं. पाणी पडलं तर ग्लोव्ह बॉक्समधला फिल्टर काढून त्याचा फोटो टाक, आणि गाडी तोपर्यंत त्या गुलमोहराखालून हलव. त्या तिसऱ्याला काचेसाठी ॲडव्हान्स दिला असशील तर आधी तो परत माग. यायचंच असेल तर रविवारी सकाळी १० च्या आत ये, रिकाम्या हाताने आलास तरी चालेल पण येताना शेव-उसळ आणलीस तर पाइप मी स्वतः धरेन.